हातांचे तास

आमच्या सुदामानगरातल्या घरात दोन नळ आहेत, एक नर्मदेचा आणि एक बोरिंगचा. नर्मदा इंदुरात आली १९७८ साली. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपांनी विंध्य चढवून तिला इथवर आणतात. आमच्याकडे ती एक दिवसाआड येते, म्हणून ते पाणी प्यायला, स्वयंपाकाला आणि देवाला. धुणं, आंघोळ, फरशी सगळं बोरिंगवर. बोरिंगचं पाणी जड. त्या नळाखालची बादली काही महिन्यांत आतून चुना लावल्यासारखी पांढरी होते. तोटीला खवले धरतात, शॉवरची निम्मी भोकं बुजतात, बाथरूमच्या काळ्या टाइल्सचा रंगच दिसेनासा होतो.

माझा घरसफाईचा धंदा या पांढऱ्या थरातून निघाला.

२०२२चा उन्हाळा होता. यांची कंपनी बंद पडून वर्ष होत आलं होतं आणि नवीन नोकरी निम्म्या पगाराची होती. मुलगी बारावीत. आमच्या भिशीतल्या एका वहिनींनी निपानियाला फ्लॅट घेतला. आधीच्या भाडेकरूंनी तो सात वर्षं वापरलेला. गृहप्रवेशाआधी त्यांनी साडेतीन हजार देऊन सफाई करून घेतली आणि मला बघायला बोलावलं. फरशी चकचकीत, घरभर फिनाईलचा वास, आणि दोन्ही बाथरूम होती तशीच पांढरी. "डाग जुने आहेत, निघणार नाहीत," असं सांगून माणसं पैसे घेऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी पाव किलो टाटरी घेऊन गेले. टाटरी म्हणजे लिंबूसत, किराण्याच्या कुठल्याही दुकानात मिळतं. कोमट पाण्यात ते विरघळवलं, जुन्या बनियनच्या पट्ट्या त्यात भिजवून नळांना गुंडाळल्या, वरून पिशवी बांधली आणि वहिनींबरोबर चहा प्यायला बसले. अर्ध्या तासानं पट्ट्या सोडल्या. अर्धा थर पट्टीबरोबरच आला, उरलेला दात घासायच्या जुन्या ब्रशनं. संध्याकाळी पाचपर्यंत दोन्ही बाथरूमच्या टाइल्स पुन्हा काळ्या दिसायला लागल्या. निघताना वहिनींनी पाचशेची नोट पुढे केली. मी नको नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "काल न झालेल्या कामाचे मी साडेतीन हजार दिले. झालेल्या कामाचे पाचशे घ्यायला तू का लाजतेस?"

नोट घेतली. घरी येईपर्यंत मनात हिशेब चालू होता. आमच्या ओळखीत किती घरी बोरिंग आहे, दिवाळीआधी किती जणी हातावर हात धरून बाई शोधत असतात, एका घराला किती वेळ लागेल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी साफ चुकीचं धरलं होतं, ते पुढे कळलं.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लोकांच्या मोऱ्या घासायला जाणार तू?" त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्या पिढ्यांनी मोरी घासणाऱ्या बाईला मागच्या दारानं आत घेतलं, वेगळ्या कपात चहा दिला. ते काम आपल्या घरातल्या सुनेनं पैसे घेऊन करायचं म्हणजे काय, हे त्यांना एका वाक्यात कळलं होतं. यांनी फक्त विचारलं, "एकटीनं होईल का?"

एकटीनं होणार नव्हतंच. आमच्या गल्लीत दोन घरी काम करणाऱ्या दोघी जावा होत्या, बाणगंगेकडून यायच्या. थोरलीला सगळे जीजी म्हणतात, मीही. माळव्यात मोठ्या बहिणीला जीजी म्हणतात. धाकटी पंचवीस-सव्वीसची, चपळ, घोडीवर, म्हणजे शिडीवर, चढायला कधीही तयार. दोघींना सांगितलं, रोजचे चारशे, दुपारचं जेवण आणि जाण्यायेण्याचा खर्च माझ्याकडे. जीजीनं विचारलं, "भाभी, आप भी करोगी या सिर्फ देखोगी?" मी म्हटलं, करणार. ती म्हणाली, "तो चलेगा."

भांडवल म्हणजे भिशीचे पंचवीस हजार. माझा नंबर ऑगस्टमध्ये लागला. पैसे घेऊन सियागंजला गेले. सियागंजच्या ठोक दुकानांत पहिल्यांदा गेलं की माणूस नको ते उचलतो. मीही सुगंधी फिनाईलचे पाच लिटरचे दोन कॅन उचलले, जे वर्षभर संपले नाहीत, कारण फिनाईलनं वास येतो, डाग जात नाही. उपयोगाला आलेल्या गोष्टी साध्या होत्या. ओलंसुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम सात हजार दोनशेला, ॲल्युमिनियमची सहा पायऱ्यांची घोडी तीन हजार शंभरला, गमबुटाचे तीन जोड, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांवरचे चष्मे, रंगाचे थेंब खरवडायचं पातं, वायपर, काथ्या, आणि चार रंगांची मायक्रोफायबरची चाळीस कापडं. लाल कापड संडासाला, निळं बाथरूमला, हिरवं स्वयंपाकघराला, पिवळं बाकी घराला. अशी रंगांची वाटणी मोठ्या हॉटेलांत आणि इस्पितळांत पाळतात. गिऱ्हाइकाला ती न सांगता दिसते. एका काकूंनी तर फक्त कापडांचे रंग बघून आम्हाला त्यांच्या बहिणीकडे पाठवलं. अठरा हजार चारशे खर्च झाले. बाकीचे मजुरीसाठी बाजूला ठेवले.

पहिलं काम दसऱ्याच्या आदल्या दिवशी होतं. त्याच आठवड्यात, १ ऑक्टोबरला, स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर सलग सहाव्यांदा देशात पहिलं आलं होतं, चौकाचौकात ढोल वाजले होते. रामबागेतलं जुनं घर, मराठीच कुटुंब, दोन खोल्या, दिवाणखाना, स्वयंपाकघर, एक संडास, एक बाथरूम. फोनवर विचारलं, किती घ्याल. मी खोल्या मोजल्या आणि म्हटलं, दोन हजार. घर न बघता.

सकाळी साडेनऊला सुरुवात केली. घरात तीन माळे होते, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत टांड. त्यावर तीस वर्षांची तांब्यापितळेची भांडी. ते कुटुंब दर दिवाळीला शेव घरीच काढतं, त्यामुळे शेगडीवरच्या भिंतीवर आणि पंख्यावर तेलाचा राळेसारखा चिकट थर, बोट लावलं तर ठसा उमटावा असा. खिडक्यांना जाळ्या, जाळ्यांना मागून लोखंडी गज. आम्ही तिघी रात्री सव्वाआठला बाहेर पडलो. पावणेअकरा तास. दोन हजारांतून आठशे मजुरी, तीनशे ऐंशीचं साहित्य, दोनशे चाळीस रिक्षाचे. माझ्या हाती पाचशे ऐंशी राहिले. रिक्षात धाकटी बसल्या बसल्या झोपली. तिचा हात माझ्या मांडीवर पडला होता, बोटांची टोकं भिजून सुरकुतलेली. मी मनात चारशेला पावणेअकरानं भागलं. तासाला अडतीस रुपयेही पडले नाहीत. उतरताना दोघींना दोनशे-दोनशे आणखी दिले. माझ्याकडे एकशे ऐंशी उरले.

त्या रात्री मुलीची एक कोरी वही घेतली आणि लिहायला सुरुवात केली. कुठलं काम, किती जणी, किती वाजता हात लावला, किती वाजता उचलला. पंखा एक, तेलकट, पंचवीस मिनिटं. पंखा एक, धुळीचा, सात मिनिटं. पुढची तीन वर्षं ती वही मी रोज लिहिली आणि आज माझ्याकडे धंदा म्हणून जे काही आहे ते त्या वहीत आहे.

वही दोन महिन्यांत बोलायला लागली. खोल्यांच्या संख्येवरून काहीच ठरत नाही. नर्मदेच्या पाण्यावर चालणाऱ्या बाथरूमला एका बाईची पन्नास मिनिटं लागतात, बोरिंगवरच्याला दोन तास. तळण होणाऱ्या स्वयंपाकघराला दोघी आणि तीन तास, वरणभात करणाऱ्याला त्याच्या निम्मे. रंगकाम होऊन गेलेलं घर वेगळंच: डिस्टेंपरचे थेंब ओल्या कापडानं मऊ पडतात, ऑइल पेंटचे पात्यानं उचलावे लागतात आणि पातं वाकडं धरलं की टाइलवर ओरखडा. म्हणून घर बघितल्याशिवाय आकडा सांगायचा नाही, हा पहिला नियम झाला. बघायला गेले की मी आधी बाथरूमचा नळ बघते, मग शेगडीवरचा पंखा, मग टांड. एवढ्यावरून तास काढता येतात. त्याला आम्ही हातांचे तास म्हणायला लागलो. तीन जणी, सात तास, म्हणजे एकवीस. दर तासाला बाईचे ऐंशी रुपये. त्यावर साहित्य, वाहतूक, यंत्राची झीज, पाहणीची फेरी, माझं घरखर्चाचं, असं धरून मी तासाला एकशे सत्तर लावते. एकवीस तासांचे तीन हजार पाचशे सत्तर. पहिल्यांदा हा आकडा एका काकूंच्या दिवाणखान्यात बसून म्हणाले तेव्हा घशाला कोरड पडली होती. त्यांनी वही मागितली, बघितली, आणि "शनिवारी या" म्हणाल्या.

आता चूक सांगते, कारण या कामात उतरणाऱ्या कुणाच्याही हातून ती होऊ शकते. त्याच पहिल्या दिवाळीत साकेतमधल्या एका घरी बाथरूमच्या दारात पांढऱ्या संगमरवराचा उंबरठा होता. त्याच्यावर बोरिंगच्या पाण्याची पिवळट रेघ. मला टाटरीचा अनुभव होता आणि टाटरीवर अति भरवसा होता. पट्टी भिजवून ठेवली. दहा मिनिटांनी उचलली तर रेघ गेलेली, आणि तिच्याबरोबर दगडाची झिलईही गेलेली. तेवढा पट्टा खडूसारखा आंधळा झाला होता. मला त्या क्षणी कळलंच नाही काय झालं. घरी येऊन मुलीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात बघितलं. पाण्याचा पांढरा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेट. डाग आणि दगड एकाच कुळातले. आम्ल एकाला खाईल आणि दुसऱ्याला सोडेल, हे शक्यच नाही. कोटाही चुनखडीचाच दगड, आणि इंदूरच्या जुन्या घरांत जिन्यापासून ओट्यापर्यंत कोटाच कोटा आहे. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल टिकतात, पण टाइलांमधल्या सिमेंटच्या सांध्यांना आम्ल लागतंच, म्हणून ते आधी साध्या पाण्यानं भिजवून घ्यायचे, म्हणजे आम्ल आत शोषलं जात नाही.

पॉलिशवाला आणला, त्यानं हिऱ्याच्या पॅडनी तो उंबरठा घासून पूर्ववत केला, अठराशे रुपये घेतले. त्या घराच्या कामाचे आले होते चोवीसशे. घरमालकीणबाईंना मी लगेच, त्यांचं लक्ष जाण्याआधी, बोलावून दाखवलं होतं. त्या रागावल्या, आणि तो राग रास्त होता. पण पुढच्या वर्षी त्यांनीच फोन केला. आता कुठल्याही अनोळखी दगडावर आम्ही कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून बघतो. फेसाळलं किंवा चमक मेली तर तिथं फक्त साबणपाणी.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. जानेवारीत एका घरी धाकटी संडासात काम करत होती. संडास धुण्याचं निळं औषध टाकून झालं होतं. पिवळेपणा जाईना म्हणून तिनं त्यावर कपड्यांचं ब्लीच ओतलं. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट, निळ्या औषधात हायड्रोक्लोरिक आम्ल. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो लहानशा बंद संडासात. ती खोकत, डोळे चोळत बाहेर आली आणि भिंत धरून खाली बसली. जीजीनं तिला ओढत गच्चीवर नेलं, मी तोंडावर ओला पदर धरून आत जाऊन खिडकी उघडली आणि बाहेर येऊन दार लावलं. डॉक्टरांकडे नेलं, दोन तास तिथं ठेवून घेतलं, संध्याकाळपर्यंत ती बरी झाली. मी मात्र त्या रात्री झोपले नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. बाईला झाडू हातात दिला की तिला सगळं येतं असं आपण किती सहज धरून चालतो. ती लहानपणापासून हे करते, म्हणून. पण या बाटल्या तिच्या लहानपणी नव्हत्या, आणि बाटलीवरचं बारीक अक्षर तिला वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी काम बंद ठेवलं. आमच्या अंगणात बसून सगळ्या बाटल्यांना रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. आम्लाला लाल, ब्लीचला पांढरी, साबणाच्या जातीला हिरवी. लाल आणि पांढरी एका घरात एका दिवशी न्यायचीच नाही. आज लाल तर पांढरी घरी. हा नियम जीजीनं सुचवला. मी म्हणत होते, एकत्र वापरायचं नाही. ती म्हणाली, "भाभी, साथ जाएगी तो कोई न कोई मिला देगा." आता पाच बायका आहेत आणि नवी आली की जीजी तिला आधी त्या अंगणात बसवते. चिमणीच्या जाळ्यांचंही तिथंच सांगते: स्टीलची जाळी असेल तर कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी, पण ॲल्युमिनियमची असेल तर कॉस्टिक तिला काळं करून खातं, तिथं भांड्यांच्या साबणाचं गरम पाणी आणि धीर.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण बायका त्यालाच जास्त घाबरतात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. सायबर कॅफेवाल्यानं पंधराशे मागितले होते, मुलीनं घरी बसून अर्ध्या तासात केलं. धंद्याच्या यादीत आमचं काम ८१२१ या क्रमांकाखाली येतं, इमारतींची सर्वसाधारण सफाई. तो क्रमांक छापलेला कागद मी देवापुढे ठेवला होता. चालू खातं उघडायला बँकेनं गुमाश्ता, म्हणजे दुकान-धंद्याचा परवाना, मागितला, तोही काढला. सेवेच्या धंद्याला वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. आम्ही त्याच्या जवळपासही नाही. एका ऑफिसला जीएसटीचंच बिल हवं होतं, ते काम सोडून दिलं. बायकांची पोलीस ठाण्यात पडताळणी करून घेतली. ती करताना जीजी गप्प होती. तिला फोटो द्यायचा होता, अंगठा द्यायचा होता. मी माझाही फॉर्म भरला. त्याची गरज नव्हती. पण ती एकटी त्या खिडकीपुढे उभी राहू नये असं वाटलं.

गिऱ्हाईक कसं मिळालं? रविवारच्या वर्तमानपत्रात पाचशे पत्रकं टाकली, दोन फोन आले, दोन्ही रोजच्या धुण्याभांड्याची बाई हवी म्हणून. आमच्या मराठी मंडळाच्या गटावर एक संदेश टाकला, त्यातून पहिल्या दिवाळीत नऊ घरं मिळाली आणि पुढची सगळी त्या नऊ घरांनी दिली. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, टिळकनगर, मग विजयनगरकडचे मारवाडी आणि सिंधी शेजारी. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात एका ओळखीच्या बाईंनी मोठ्यानं विचारलं, "अगं, सफाईचं काम करून राहिलीस म्हणे तू?" आजूबाजूच्या चार माना वळल्या. सासूबाई शेजारी होत्या. मी उत्तर शोधत होते, तोवर त्या म्हणाल्या, "हो. तुमच्याकडे दिवाळीला यायचं असेल तर आत्ताच सांगा, तारखा संपत आल्यात." घरी आल्यावर त्या विषयावर एक शब्द नाही. त्यांना हे काम आवडतं असं आजही नाही. पण कुठल्याही घरच्या देवघरातली पितळी भांडी आमच्या हाती आली की त्या घरून फोन करतात, "पावडर लावू नका गं, चिंच आणि मीठ."

देवघरावरून आणखी एक. दुसऱ्या वर्षीच्या गणपतीनंतर एका घरी काम केलं. संध्याकाळी फोन आला: गणपतीची चांदीची दूर्वा सापडत नाही. आवाज शांत होता, आणि त्या शांतपणातच सगळं होतं. "तुमच्या बायकांना एकदा विचारा." मी जीजीला फोन केला. विचारू कसं, तेच सुचेना. तिनंच विचारलं, "क्या गया?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मैं आती हूँ," आणि रात्री आठला दोन बस बदलून आमच्या दारात आली, धाकटीला घेऊन. दोघींनी पिशव्या ओट्यावर उलट्या केल्या. मी नको नको म्हणत होते. डबा, कंगवा, औषधाची गोळी, मुलाचं शाळेचं ओळखपत्र. त्या ओट्याकडे बघवत नव्हतं.

रात्री साडेदहाला पुन्हा फोन. दूर्वा निर्माल्याच्या पिशवीत सापडली होती, खऱ्या दूर्वांच्या जुडीत गुंडाळलेली. त्यांनीच विसर्जनाच्या दिवशी उतरवली होती. "बरं झालं बाई, सापडली," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हे जीजीला तुम्ही सांगा, मी नंबर देते. त्यांनी नंबर घेतला. फोन केला नाही. तीन दिवस वाट बघून मी कळवलं की पुढं आम्ही येणार नाही. त्या घरामुळे त्यांच्या इमारतीतली आणखी तीन घरं मिळाली होती, तीही गेली. त्या महिन्याचा हिशेब मला आजही आठवतो, आणि निर्णय बदलावासा वाटत नाही. तेव्हापासून काम सुरू करायच्या आधी घरच्यांनी दागिने, रोकड आणि देवाची चांदी स्वतः कुलपात ठेवायची, आणि कपाटाच्या आत आम्ही हात लावायचा तो घरचं कुणीतरी समोर असेल तरच. हे पाहणीच्या वेळीच सांगते. दोघा-तिघांना हे ऐकून वाईट वाटलं.

इंदुरात काम करायचं तर कचरागाडीही सांभाळावी लागते. इथं घरोघरी सकाळी पिवळी गाडी येते, तिला ओला, सुका, सॅनिटरी, घातक आणि ई-कचऱ्याचे वेगवेगळे कप्पे आहेत, आणि सरमिसळ केलेली पिशवी गाडीवाला परत देतो. दिवाळीच्या सफाईत एका घरातून सात-आठ पोती निघतात. गाडी सकाळी येऊन गेलेली असते. त्यामुळे काम करता करताच वेगळं करायचं, पोत्यावर खडूनं लिहायचं, आणि घरच्यांना दुसऱ्या दिवशी कुठलं पोतं कुठल्या कप्प्यात ते दाखवून निघायचं. जुनी औषधं, फुटलेले बल्ब, रंगाचे डबे घातकमध्ये. वहीत या कामाला आता वेगळी ओळ आहे, घरामागे चाळीस मिनिटं. पहिल्या वर्षी ती चाळीस मिनिटं मी कुणालाच मोजून दिली नव्हती.

दिवाळी संपली की नोव्हेंबर-डिसेंबर कोरडे जातात. जानेवारी ते मार्च नव्या फ्लॅटचं काम, आणि मग रंगपंचमी. इंदूरची रंगपंचमी ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगणं अवघड आहे. राजवाड्याभोवती गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघते, टँकरमधून रंगाचं पाणी आणि यंत्रांनी गुलाल इतका उंच उडतो की तिसऱ्या मजल्याचे सज्जे लाल होतात. त्या वाटेवरच्या एका वाड्याचं काम २०२३ला पहिल्यांदा घेतलं. नळीनं पाणी मारायला घेतलेल्या धाकटीला मी ओरडूनच थांबवलं. कोरड्या गुलालावर पाणी पडलं की तो कोट्याच्या बारीक भोकांत उतरतो आणि वर्षभर गुलाबी राहतो. आधी मऊ झाडूनं, मग व्हॅक्यूमनं, जितका कोरडा निघेल तितका काढायचा, आणि मगच पाणी. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माहेरी, जेल रोडला, आई रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुणालाही ओट्यावर पाणी टाकू द्यायची नाही. त्या वाड्याचा जिना झाडताना तिचा तो आवाज कानात येत होता.

एक काम आम्ही कधीच घेत नाही. उंच इमारतीत खिडकीबाहेरच्या छज्जावर उभं राहून काचा पुसायच्या. नवव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी "आमची बाई तर करते" म्हणून सांगितलं. करते, हे मला माहीत आहे. खालून जाताना मी अशा बायका बघते आणि त्या आत जाईपर्यंत रस्त्यात थांबते. लांब दांड्याच्या वायपरनं आतून जेवढं होईल तेवढंच.

मागच्या दसऱ्याआधी मला ताप होता आणि वैशालीनगरात पाहणी ठरलेली होती. जीजीला म्हटलं, तू जाऊन ये, नुसतं बघून मला फोनवर सांग, आकडा मी सांगेन. ती एकटी गेली, वही पिशवीत घेऊन. तिला अक्षर येत नाही, पण वहीतले आकडे आणि माझ्या खुणा तिला पाठ आहेत. तासाभरानं त्या घरच्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, तुमची बाई चार जणी आणि सात तास म्हणतेय, चार हजार सातशे साठ, जरा कमी नाही का होणार? मी मनात गुणाकार केला. अठ्ठावीस गुणिले एकशे सत्तर. बरोबर होता.

मी त्यांना सांगितलं, "त्यांनी सांगितलाय तोच आकडा."

मागून जीजीचा आवाज ऐकू आला, ती त्यांच्या बाथरूममध्ये उभी होती बहुतेक. "भाभी, बोरिंग का पानी है. नल देखा मैंने."